स्लीप स्टडीत १९ आला, आता मशीन घ्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५१, राहणार जुळे सोलापूर. विम्याच्या क्लेमचे सर्व्हे करायचं काम, त्यामुळे आठवड्यातून तीन-चार दिवस बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशी फिरती, तीही स्वतः गाडी चालवत. उंची १६८ सेंमी, वजन ८६ किलो. बीपीच्या दोन गोळ्या चालू. बायको म्हणते, घोरता घोरता मध्येच गप्प होता आणि मग दचकून श्वास घेता. घरी केलेल्या स्लीप स्टडीत (झोपेतल्या श्वासाची तपासणी) एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा, १९ आला, ऑक्सिजन कमीत कमी ८१ टक्के. दुसऱ्याच दिवशी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाची हवा देणारं) विकणाऱ्यांचा फोन: रविवारपर्यंत घेतलं तर डिस्काउंट. "मला दिवसा झोप वगैरे येत नाही. घरची टेस्ट खरी धरायची का, की पुण्याला जाऊन लॅबमध्ये पुन्हा करू? मशीन घ्यायलाच हवं का? आणि एकदा लावलं की जन्मभर सुटत नाही म्हणतात, ते खरं का?"

रविवार आधी डोक्यातून काढून टाका. तुमचा श्वास काही या आठवड्यात अडकायला लागलेला नाही. वहिनींना विचारलंत तर त्या आठ-दहा वर्षांचा हिशोब सांगतील. इतकी वर्षं थांबलेल्या गोष्टीला आणखी पंधरा दिवस विचार करायला दिले तर काही बिघडत नाही. गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्याकडे पुढे येतो.

मी सोलापुरात छातीविकारांची प्रॅक्टिस करतो, बावीस वर्षं झाली. सुरुवातीला स्लीप स्टडी म्हटलं की पुणे नाहीतर हैदराबाद, तिथे एक रात्र मुक्काम, आणि "घोरण्यासाठी एवढा खर्च?" असं म्हणत अर्धे लोक जायचेच नाहीत. आता वायरींची डबी घरी येते, सकाळी परत जाते, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. सोय झाली खरी. पण त्या रिपोर्टचं पहिलं पान सोडून बाकीची पानं कुणी उलटत नाही. तुम्ही सगळी पानं पाठवलीत हे बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिसऱ्या पानावर आहे.

आधी १९ म्हणजे काय ते. श्वास निदान दहा सेकंद जवळजवळ पूर्ण थांबला की तो अ‍ॅप्निया. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन घसरला, की हायपोप्निया. दोन्हींची बेरीज करून तासांनी भागायचं, तो एएचआय. पाचच्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, तीसच्या वर तीव्र. तुमच्या सहा तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये ३८ अ‍ॅप्निया आणि ७६ हायपोप्निया, एकूण ११४. भागिले सहा, म्हणजे १९. मध्यम.

आता तिसरं पान. तिथे कुशीचा तक्ता आहे. तीन तास तुम्ही उताणे होता, त्या तीन तासांत ९३ वेळा श्वास अडला, म्हणजे तासाला ३१. उरलेले तीन तास कुशीवर, त्यात २१ वेळा, म्हणजे तासाला ७. एकाच माणसाला उताणं झोपल्यावर तीव्र आजार आणि कुशीवर वळल्यावर जेमतेम सौम्य. पहिल्या पानावरचा १९ या दोघांची सरासरी आहे, आणि खरं तर तो दोघांपैकी कुणाचाच आकडा नाही.

यात आणखी एक मेख आहे. छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला क्लिप अशा अवस्थेत माणूस वायर निघेल या भीतीने बिचारा उताणाच पडून राहतो. एरवी तुम्ही रात्रभर डाव्या कुशीवर झोपत असाल तर त्या रात्रीचा १९ फुगवलेला आहे. एरवीही उताणेच झोपत असाल तर खरा आकडा १९ पेक्षा मोठा. हे तुम्हाला माहीत असणार नाही, वहिनींना माहीत असेल. त्यांना विचारून मला कळवा.

दुसरी चूक उलट्या बाजूची. घरच्या डबीत डोक्याला लावायच्या वायरी नसतात, त्यामुळे तुम्ही झोपलात की नुसते डोळे मिटून पडलात हे तिला कळत नाही. ती रेकॉर्डिंगच्या पूर्ण वेळाने भागते. सहापैकी दीड तास तुम्ही जागे होता असं धरलं तर ११४ ला साडेचारने भागायला हवं, आणि ते २५ येतं. घरच्या टेस्टचा आकडा बहुधा थोडा कमीच निघतो तो यामुळे.

म्हणजे टेस्ट खोटी का? नाही. सहा तास सिग्नल चांगला आहे, नळी निसटलेली नाही, आणि घटना सगळ्या घसा मिटून होणाऱ्या आहेत. छाती-पोटाचे पट्टे हलताहेत आणि हवा मात्र येत नाही, असं त्या आलेखात स्वच्छ दिसतं. तुम्हाला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया आहे, यावर पुण्याच्या लॅबची मोहोर उमटवायची गरज नाही. तो खर्च आणि हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट वाचवा. घरची टेस्ट नॉर्मल येऊनही लक्षणं ठळक असती, तर मात्र मी तुम्हाला लॅबमध्ये पाठवलंच असतं. हार्ट फेल्युअर, पक्षाघात, फुप्फुसाचा जुना मोठा आजार किंवा मॉर्फिनसारखी औषधं चालू असणाऱ्यांना मी घरची टेस्ट सांगतच नाही, कारण तिथे मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम थांबत असू शकतो आणि तो प्रकार नीट ओळखायला पूर्ण लॅब लागते.

टेस्टच्या वेळेबद्दल जाता जाता. मागे पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार आला होता. कायम रात्रपाळी. टेस्टवाल्यांनी त्याला सुट्टीच्या रात्री वायरी लावल्या. तो बिचारा रात्रभर छताकडे बघत पडला, आणि रिपोर्ट आला एएचआय ४, नॉर्मल. सकाळी आठ ते दुपारी दोन ही त्याची झोपेची वेळ. त्या वेळेत पुन्हा केली तेव्हा ३६ आला. ज्या दिवशी सर्दीने नाक चोंदलंय किंवा ज्या रात्री दोन पेग झालेत, त्या रात्रीची टेस्टही अशीच भलतं सांगते. तुमची टेस्ट कुठल्या वारी झाली?

ऑक्सिजनच्या ८१ ने तुम्ही घाबरलेले दिसता. "कमीत कमी" हा त्या अख्ख्या पानावरचा सगळ्यात बेभरवशाचा आकडा. कूस बदलताना क्लिप जरा हलली तरी तो ७० दाखवू शकतो, आणि बायकांच्या नखाला गडद नेलपॉलिश असेल तर विचारूच नका. त्याच्याखालची ओळ बघा: ऑक्सिजन ९० च्या खाली एकूण किती वेळ होता. तुमचा चौदा मिनिटं, म्हणजे रात्रीच्या सुमारे ४ टक्के. चांगलं म्हणणार नाही, पण रात्रीतून दोन तास नव्वदच्या खाली असलेले लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याशी मी "घ्यायचं की नाही" अशी चर्चा करत बसत नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, ज्यावर माझा अजिबात विश्वास नाही: "मला दिवसा झोप येत नाही."

खोटं बोलताय असं म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं तुटक झोप घेणाऱ्याला ताजंतवानं असणं कसं वाटतं हेच आठवत नसतं. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी जेवून कोण आडवं होत नाही? पारा ४२-४३ ला गेला की अख्खं सोलापूर पेंगतं. त्यामुळे प्रश्न नीट विचारावा लागतो. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची छोटी फूटपट्टी काढली. वाचत बसलोय, टीव्ही बघतोय, मीटिंगमध्ये गप्प बसलोय, तासभर दुसऱ्याच्या गाडीत बसलोय, दुपारी आडवा झालोय, कुणाशी बोलतोय, जेवणानंतर शांत बसलोय, गाडी ट्रॅफिकमध्ये थांबलीय. या प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला शून्य ते तीन गुण. एकूण २४. दहाच्या वर गेलं तर झोप जास्त येते असं धरायचं. हा कागद तुम्ही भरा आणि तुम्हाला न दाखवता वहिनींनाही तुमच्याबद्दल भरायला सांगा. माझ्याकडे या दोन कागदांत पाच-सहा गुणांचा फरक नेहमी पडतो, आणि मी बायकोचा कागद खरा धरतो.

आणि हे मला सरळ सांगा: गेल्या वर्षात गाडी चालवताना कधी काच खाली करून तोंडावर वारा घेतलात का? बार्शीहून परतताना चहा प्यायचा नसतानाही गाडी बाजूला लावलीत का? मोहोळ कधी गेलं ते कळलंच नाही, असं कधी झालं का? उपचार न घेतलेल्या स्लीप अ‍ॅप्नियात अपघाताचा धोका सुमारे दुप्पट होतो. तुम्ही अपघातात चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढून पोट भरता, तुम्हाला मी काय सांगू. उत्तर एकदाही "हो" असेल तर खालचं सगळं गौण. मशीनची चाचणी याच आठवड्यात सुरू करा आणि तोवर लांबच्या फिरतीला ड्रायव्हर घ्या.

हायवेवरचे ड्रायव्हर लोक हे मला कधीच कबूल करत नाहीत. लायसन्स जाईल, नोकरी जाईल. त्यांना मी वेगळं विचारतो: रात्री गाडी चालवताना तोंडात काय असतं? मावा, सुपारी, मिरची असं काही निघालं की माझं उत्तर मला मिळतं.

झोपेव्यतिरिक्त आणखी दोन-चार खुणा असतात. रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं ही त्यातली सगळ्यात दुर्लक्षित. श्वास अडला की छातीत उलटी ओढ तयार होते, हृदयाच्या वरच्या कप्प्याला ताण बसतो, शरीरात पाणी जास्त झालंय असा त्याचा समज होतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. लोक साखर तपासतात, प्रोस्टेट तपासतात, आणि दोन्ही नॉर्मल आल्यावर वयावर ढकलतात. सकाळी जड डोकं, कोरडा घसा, विनाकारण चिडचिड या आणखी खुणा. बायकांमध्ये तर घोरण्याचं नावच निघत नाही. "अंगात त्राण नाही", "झोप लागत नाही" एवढीच तक्रार असते आणि पाळी गेल्यानंतर ती वाढते. वहिनींकडेही जरा लक्ष असू द्या.

आता मशीनचं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि नळीतून दाबाने येणारी साधी हवा. ऑक्सिजन नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण निम्मे नातेवाईक "ऑक्सिजनवर ठेवलंय" अशी बातमी गावभर करतात. हवेच्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली, आणि एवढ्या वर्षांत घसा उघडा ठेवायला तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही निघालेलं नाही. घोरणं पहिल्याच रात्री थांबतं. दिवसा येणारी झोप बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होते.

पण विक्रेता फोनवर "हार्ट अटॅक टळेल" म्हणाला असेल, तर तिथे मी त्याच्याबरोबर नाही. २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले, मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेले सत्तावीसशेहून जास्त लोक, निम्म्यांना मशीन, निम्म्यांना नाही. काही वर्षांनी मोजलं तेव्हा झटके आणि मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच. झोप, मनःस्थिती आणि रोजचं जगणं मात्र मशीनवाल्यांचं सुधारलेलं. त्या लोकांनी मशीन सरासरी रात्री ३.३ तासच वापरलं होतं आणि ज्यांना दिवसा फारच झोप येते त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं, असे आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. तरीही, दिवसा झोप न येणाऱ्या माणसाला "हृदय वाचवायला मशीन घ्या" असं छातीठोकपणे सांगायला माझ्याकडे पुरावा नाही. बीपीचंही तसंच. मशीनने सरासरी दोन-तीन अंकच उतरतं. तीन गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही ज्यांचं बीपी ऐकत नाही त्यांना फायदा जास्त दिसतो. तुमचं दोन गोळ्यांत आवाक्यात आहे.

म्हणून मशीन घेण्याआधी एका कागदावर लिहा की ते कशासाठी हवंय. गाडी चालवताना जाग राहावी म्हणून, रात्रीच्या चकरा कमी व्हाव्यात म्हणून, वहिनींना दुसऱ्या खोलीत गादी टाकावी लागू नये म्हणून. कारण काहीही असो, पण महिन्याने मोजता येईल असं असावं. पहिली काही वर्षं मी हे विचारायचोच नाही. एएचआय पंधराच्या वर दिसला की सरसकट मशीन लिहून द्यायचो. नंतर एका घरी व्हिजिटला गेलो तर मी लिहून दिलेलं मशीन कपाटावर, गणपतीच्या मखराशेजारी, पिशवीत बांधून ठेवलेलं. ते का लावायचं हे त्या माणसाला कधी कळलंच नव्हतं. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आणलं" एवढंच. चूक माझी होती.

तुमच्या जागी मी असतो तर एक महिना भाड्याने घेतलं असतं. तुम्ही गाडी चालवता आणि "झोप येत नाही" हे खरं की सवयीचं, हे शोधायचा दुसरा मार्ग नाही. कित्येक जणांना आपण पेंगत होतो हे पेंगणं थांबल्यावरच कळतं. ऑटो मशीन मागा, जे लागेल तसा दाब स्वतः कमी-जास्त करतं. विक्रेते ते कंपनीतून आलेल्या ४ ते २० च्या रेंजवर तसंच सोडून जातात. मग पहाटे तीनला तोंडावर वादळ येतं आणि माणूस मास्क फेकून देतो. तुमच्यासाठी ५ ते १२ ने सुरुवात करू, आठवड्याने मशीनमधलं मेमरी कार्ड वाचून बदलू.

पहिले तीन-चार दिवस मास्क झोपेसाठी लावूच नका. संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास लावून बसा, मशीन चालू ठेवून. नाक चोंदत असेल तर आधी त्याचं औषध घ्या. बंद नाकावर मास्क लावणं म्हणजे बंद दारावर पंखा लावणं. मास्कचा साइज विक्रेत्याच्या अंदाजावर सोडू नका, झोपलेल्या अवस्थेत लावून बघा, कारण बसल्यावर नीट बसणारा मास्क आडवं झाल्यावर गळतो. मिश्या भरघोस असतील तर नाकावरचा मास्क कडेने फुसफुसतो. मिश्या काढा असं मी कुणाला सांगत नाही (एकदा सांगून पाहिलंय), नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा प्रकार मिळतो तो बघा. तोंड झाकणारा मोठा मास्क शेवटचा पर्याय.

आपल्या हवेत घसा कोरडा पडतो, म्हणून ह्युमिडिफायर लागेल. त्यात डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं पाणी घातलंत तर आठवड्यात भांड्याला पांढरा थर चढतो. मागचा फिल्टर दर आठवड्याला बघा. यंत्रमागाशेजारी राहणाऱ्यांचा तर चार दिवसांत कापसाच्या तंतूंनी गच्च होतो. लाइट गेली तर मशीन इन्व्हर्टरवर आरामात चालतं, ह्युमिडिफायरची हीटर बंद ठेवली की आणखी कमी वीज खातं. आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवर झोपत असाल तर एक्स्टेंशन बोर्ड वर न्या. "साहेब, गच्चीवर प्लग नाही" या कारणाने दोन-दोन महिने मशीन बंद ठेवणारे लोक आहेत.

महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी बघायच्या. रात्री सरासरी किती तास लावलं. चाराच्या वर पाहिजे, सहा असेल तर उत्तम. मशीन लावूनही किती घटना उरल्या. पाचच्या आत हव्यात. आणि गळती किती. हे सगळं कार्डावर किंवा अ‍ॅपमध्ये असतं. त्याबरोबर तुम्ही लिहिलेला कागद, एपवर्थचे दोन्ही कागद पुन्हा भरून, आणि पहिल्या व शेवटच्या आठवड्यातलं सकाळचं बीपी. गोळ्या आपल्या मनाने कमी करायच्या नाहीत. फरक पडला असेल तर विकत घ्या, भाडं किमतीतून वजा करून मागा. ऑटो मशीनला साधारण पस्तीस ते सत्तर हजार पडतात, मास्क दर वर्षा-दीड वर्षाने बदलावा लागतो तो वेगळा. मेडिक्लेममधून मिळेल का, हे तुम्हीच मला सांगायचं. माझ्या अनुभवात सीपॅप "नॉन-पेएबल"च्या यादीत निघतं.

मास्क सोसलाच नाही, किंवा महिन्याने काहीच फरक वाटला नाही, तर तुमच्या बाबतीत दुसरा रस्ता खरोखर आहे, आणि तो त्या तिसऱ्या पानावरूनच जातो. जुन्या बंडीच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधोमध, आपल्या सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी शिवून घ्या. उताणं व्हायला गेलात की टोचेल आणि झोपेतच वळाल. हसू नका, टेनिस बॉल शिवायची हीच युक्ती जगभर वापरतात. टॉवेल पाठीला जरा कमी खुपतो इतकंच. पंधरा दिवस सवय झाली की बंडी घालून घरची टेस्ट पुन्हा करू. सात-आठ आला आणि दिवसा झोप नाही, तर मशीन नको. अडचण एवढीच की सहा महिन्यांनी बंडी मोरीत लोंबकळत असते. मशीन निदान तास मोजून चुगली करतं, बंडी करत नाही.

वजनाचं तुम्हाला सगळे सांगतातच, मी फक्त हिशोब देतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात १० टक्के वजन उतरलं की एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो आणि १० टक्के वाढलं की ३२ टक्क्यांनी चढतो असं दिसलं. तुमचे १० टक्के म्हणजे साडेआठ किलो. १९ चा १४ होईल. करावंच, पण त्याला वर्ष लागतं आणि गाडी तर उद्याही चालवायचीय. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनपैकी टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी मंजुरी मिळाली. महाग आहे, थांबवलं की वजन परत येतं. तुमच्या ८६ किलोंना मी तिथून सुरुवात करणार नाही. थायरॉइड एकदा तपासा. रात्रीचे पेग आणि "झोपेची साधी गोळी" दोन्ही घसा आणखी सैल करतात.

दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं साधन करून मिळतं. सौम्य-मध्यम अ‍ॅप्नियात चांगलं काम करतं, फिरतीच्या माणसाला तर खिशात मावतं. मात्र मापाचंच हवं, ऑनलाइन मिळणारं उकळत्या पाण्यात बुडवून चावायचं नको. आणि आपल्या जिल्ह्यात एक मोठा अडथळा: मावा-गुटख्याने तोंडच दोन बोटं उघडत नाही, मग साधन घालणार कुठून. तुमचं तोंड तीन बोटं उघडतं का, आत्ता बघा. ऑपरेशन मोठ्या माणसांत मी क्वचितच सुचवतो. नाकाचं हाड सरळ केलं तर मास्क सोसायला मदत होते, अ‍ॅप्निया फारसा जात नाही. लहान मुलांचं वेगळं. तिथे टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढणं हाच बहुधा पहिला उपाय असतो.

जन्मभराचं. मशीनची सवय लागत नाही, लागते ती चांगल्या झोपेची. बंद केलंत तर थोड्याच रात्रींत अ‍ॅप्निया पूर्वी होता तिथे परत येतो, आधीपेक्षा वाढून येत नाही. वजन बरंच उतरलं तर पुन्हा टेस्ट करून मशीन काढून टाकलेले लोक माझ्याकडे आहेत. थोडेच आहेत, पण आहेत.

आणि काहीच नको असं ठरवलंत तरी मी भांडणार नाही, फक्त त्या "नको"वर तारीख घाला. सहा महिन्यांनी वजन, बीपी आणि वहिनींचा एपवर्थ. त्याआधी बीपीला तिसरी गोळी लागली, नाडी अनियमित निघाली, वजन चार-पाच किलो वाढलं किंवा स्टिअरिंगवर एकदाही डुलकी लागली, तर लगेच या. उद्या हर्नियाचं का होईना, ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना हा रिपोर्ट आधी दाखवा. भुलीनंतरच्या रात्री घसा जास्त मिटतो आणि त्यांना ते माहीत असलं की ते वेगळी काळजी घेतात.

तूर्त एवढं करा: वहिनींकडून दोन उत्तरं, तुम्ही एरवी कुठल्या कुशीवर झोपता आणि एपवर्थचे किती गुण. टेस्टच्या रात्री काय घेतलं होतं तेही कळवा. भाड्याचं मशीन ठरलं तर पहिल्या आठवड्यानंतर कार्ड घेऊन या, आणि मास्कही आणा. तो कुठे गळतो हे मला तुम्हाला टेबलावर आडवं करून बघावं लागेल.